‘भरधाव वेगात, हयगयीने’ : धोकादायक वाहन चालविणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय?

खान्देशात रोजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य तोंडपाठ झालेले असते : चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालविले. जळगाव असो वा धुळे, पारोळा असो वा शिरपूर, अपघाताच्या फिर्यादीत हे वाक्य जवळजवळ शब्दशः असेच येते. मृताचे नाव बदलते, गाडीचा क्रमांक बदलतो. वाक्य मात्र बदलत नाही. घरातला कर्ता माणूस गेलेले कुटुंब त्या वाक्याखाली सही किंवा अंगठा करते आणि आता कायदा पुढचे पाहून घेईल, अशा समजुतीने घरी परतते.

प्रत्यक्षात पुढे न्यायालयात याच वाक्याचा एकेक शब्द तपासला जातो. भरधाव म्हणजे किती? हयगय म्हणजे नेमकी कोणती? अविचार कोणी पाहिला, कोठून पाहिला? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर कितीही माणसे दगावली असली तरी खटला उभा राहत नाही. हे कटू सत्य ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबांची घोर निराशा होते. म्हणून ‘धोकादायक’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ आम्ही येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

एका खटल्यापासून सुरुवात करू. १९८२ साली कर्नाटकात एक ट्रक नाला ओलांडताना उलटला. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे १८ जण जखमी झाले. चालकावर बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप होता. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. परंतु उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. कारण काय? साक्षीदारांनी ट्रक ‘अतिवेगाने’ जात होता एवढेच सांगितले होते. अतिवेग म्हणजे त्यांच्या मते काय, हे कोणी सांगितले नाही आणि सरकार पक्षाने विचारलेही नाही. वाहनाची तपासणी करणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाची साक्ष झाली नाही, त्याचा अहवालही अभिलेखात नव्हता. वेग हा शब्द सापेक्ष आहे. केवळ वेग जास्त होता म्हणून चालक हयगयीचा किंवा बेदरकार ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे आणि अपघाताच्या खटल्यांत बचाव पक्षाचे वकील तो आजही पुढे ठेवतात.

पंधरा मृत्यू आणि तरीही सुटका, हे ऐकून वाचकांच्या मनाला यातना होतील. आम्हांलाही झाल्या. परंतु या निकालात कायद्याचे एक मूळ सूत्र दडलेले आहे. परिणाम किती भीषण झाला यावरून कायदा वाहन चालविणे धोकादायक ठरवीत नाही. ते कोणत्या रीतीने, कोणत्या जागी, कोणत्या परिस्थितीत चालविले यावरून ठरवितो. या सूत्राची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही. ती अशी की, एकही माणूस जखमी झाला नसला तरी धोकादायक वाहन चालविण्याचा गुन्हा पूर्ण होऊ शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये हा गुन्हा सांगितलेला आहे. जनतेला धोका होईल अशा वेगाने किंवा अशा रीतीने वाहन चालविणे, हे त्याचे मूळ स्वरूप. मात्र धोका होता की नाही हे ठरविताना परिस्थितीच्या सर्व अंगांचा विचार करावा, असे कलमात स्पष्ट म्हटले आहे : ती जागा कशी आहे, रस्त्याची अवस्था काय, त्या जागेचा वापर कशासाठी होतो, त्या वेळी रहदारी किती होती, आणि प्रत्यक्ष नसली तरी किती असू शकेल अशी रास्त अपेक्षा करता येते. शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. रस्ता मोकळा दिसत होता, हे उत्तर नेहमीच पुरेसे ठरत नाही.

धुळ्याच्या आग्रा रोडचे उदाहरण घ्या. एके काळी महामार्ग असलेला हा रस्ता आज शहराची मुख्य बाजारपेठ आहे. सायंकाळी तेथे हातगाड्या, खरेदीला आलेल्या गृहिणी आणि शाळकरी मुले यांची एवढी दाटी असते की ताशी चाळीस किलोमीटरने मोटार हाकणारा माणूसही धोकादायक ठरू शकेल. लळिंगच्या घाटाखाली, मोकळ्या चौपदरी रस्त्यावर हाच वेग एखाद्याला कंटाळवाणा वाटेल. जळगावात महामार्ग शहराच्या पोटातूनच जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक या ठिकाणी लांब पल्ल्याचे ट्रक आणि महाविद्यालयात निघालेली मुले एकाच रस्त्यावर येतात. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे ओरड केली ती याच कारणाने. अशा जागी मर्यादेचा फलक पाळला म्हणजे सारे पाळले असे होत नाही. चैत्र महिन्यात खान्देशातून हजारो भाविक पायी सप्तशृंगगडाकडे निघतात, पहाटेच्या अंधारातही रस्त्याच्या कडेने चालतात. त्या दिवसांत त्या रस्त्यावरून जाणाऱ्या चालकाने कडेला माणसे असतील हे गृहीतच धरले पाहिजे. ही ‘रास्त अपेक्षा’ होय. सावदा-रावेर पट्ट्यात केळीची कापणी चालू असताना आडव्या लावलेल्या मालगाड्या, हंगामात रात्री विनादिवा चाललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, लगीनसराईत रस्त्यावर आलेली वरात, यांनाही हेच सूत्र लागू पडते. अर्थात, विनादिवा ट्रॉली रस्त्यावर आणणाराही कायद्यातून सुटत नाही. त्याचा विचार वेगळा.

२०१९ साली या अधिनियमात मोठी सुधारणा झाली आणि कलम १८४ मध्ये दोन गोष्टींची भर पडली. पहिली अशी की, वाहनात बसलेल्यांना, रस्त्यावरील इतरांना किंवा रस्त्याजवळ असणाऱ्यांना भीती वा क्लेश वाटेल अशा रीतीने वाहन चालविणे हाही गुन्हा ठरला. काळी-पिवळी जीपमध्ये मागे लोंबकळत प्रवास करणाऱ्या, ‘दादा, जरा हळू चालवा’ असे म्हणून चालकाच्या शिव्या खाणाऱ्या प्रवाशांना हे मुद्दाम सांगावयास हवे. तुमची भीती ही आता केवळ तुमची तक्रार राहिलेली नाही. कायद्याने तिची दखल घेतली आहे.

दुसरी भर म्हणजे एक स्पष्टीकरण. काही कृत्ये धोकादायक वाहनचालनात मोडतात, असे त्यात नावानिशी सांगितले आहे. लाल दिवा ओलांडणे आणि थांबण्याच्या चिन्हाचा भंग करणे ही पहिली दोन. वाहन चालविताना हातात मोबाइल धरून वापरणे हे तिसरे. केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने, मोबाइलचा वापर करण्याची तेवढी मुभा २०२० च्या नियमांत ठेवलेली आहे. कायद्याविरुद्ध रीतीने पुढील वाहनास मागे टाकणे हे चौथे. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, समोरचे दिसत नसताना केलेले ‘ओव्हरटेक’ यात येते. एकेरी पट्ट्यांच्या जुन्या रस्त्यांवर उसाच्या किंवा कापसाच्या गाडीमागे पाच मिनिटे अडकलेला माणूस जो जुगार खेळतो, तो हाच.

पाचवे कृत्य म्हणजे रहदारीच्या दिशेविरुद्ध वाहन चालविणे. आमच्या मते खान्देशात सर्वांत अधिक सर्रास चालणारा आणि सर्वांत कमी लाज वाटणारा गुन्हा हाच. महामार्ग चौपदरी झाले, मधे दुभाजक आले, आणि शेताकडे किंवा पेट्रोलपंपाकडे जाण्यासाठी पुढच्या वळणापर्यंतचा वळसा लोकांना जड जाऊ लागला. मग कडेकडेने उलट जाण्याची वाट रूढ झाली. सत्तर-ऐंशीच्या वेगाने योग्य दिशेने येणाऱ्या ट्रकचालकाला रात्री समोरून दुचाकीचा दिवा दिसतो तेव्हा तो पलीकडच्या मार्गिकेवरचा आहे की आपल्याच, हे उमगण्याइतका अवधी त्याला मिळत नाही. उलट येणारा हा बहुधा जवळच्याच गावचा, सभ्य, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल गृहस्थ असतो. कायद्याच्या लेखी मात्र त्या क्षणी तो आणि शर्यत लावणारा तरुण एकाच कलमात बसतात.

सहावे कलम व्यापक आहे : सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा करता येईल तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाने वाहन चालविणे, आणि तसे चालविणे धोक्याचे आहे हे कोणाही सावध चालकाच्या सहज ध्यानात आले असते, अशी परिस्थिती असणे. येथे कसोटी आरोपीच्या स्वतःच्या आत्मविश्वासाची नाही. ‘मी वीस वर्षे याच रस्त्याने गाडी चालवतो’ हा युक्तिवाद म्हणूनच उपयोगी पडत नाही.

शिक्षा कोणती? पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सुधारणेपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड एक हजाराच्या वर जात नव्हता. केंद्राची सुधारणा १ सप्टेंबर २०१९ रोजी लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी मात्र डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यासमोर हा गुन्हा घडल्यास तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जाऊ शकते आणि चालकाचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी ते तीन महिन्यांसाठी रोखले जाऊ शकते. ज्याचे पोट चालकीवर आहे त्याला ही शिक्षा दंडापेक्षा कितीतरी जड. आणखी एक बारकावा असा की, या कलमाखालील गुन्ह्यांपैकी हातातील मोबाइलचा गुन्हा तेवढा तडजोड-शुल्क भरून जागच्या जागी मिटविता येतो. उलट दिशेने येणे किंवा जीवघेणे ओव्हरटेक यांना कायद्याने तशी सवलत दिलेली नाही. ते प्रकरण न्यायालयातच जावयास हवे.

मर्यादेपेक्षा अधिक वेग हा कलम १८३ खालचा निराळा गुन्हा आहे आणि दोहोंची गल्लत करू नये. केंद्राने २०१८ साली ठरविलेल्या कमाल मर्यादेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीस ताशी १००, मालट्रक व दुचाकीस ८०, तर साध्या रस्त्यावर मोटारीस ७० आणि मालट्रक व दुचाकीस ६० किलोमीटर एवढी मुभा आहे. स्थानिक अधिकारी याहून कमी मर्यादा घालू शकतात. मर्यादा ओलांडली पण धोका नव्हता, तर कलम १८३. मर्यादेत होता पण धोका होता, तर कलम १८४.

आता फौजदारी संहितेकडे वळू. कारण माणूस दगावतो तेव्हा वाहतुकीचा कायदा मागे पडतो आणि ही संहिता पुढे येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यापूर्वीच्या घटनांना मात्र जुनीच संहिता लागू राहते. मानवी जीवितास धोका होईल असे बेदरकार वा हयगयीचे वाहनचालन हे जुने कलम २७९, नवे २८१. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा कृत्याने मृत्यू घडला तर जुन्या कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.

हयगय आणि बेदरकारपणा हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, पण त्यांत भेद आहे. हयगयीत माणूस जे करावयास हवे ते करीत नाही : आरसा पाहत नाही, वळताना इशारा देत नाही, झोप अनावर झाली तरी थांबत नाही. बेदरकारपणात त्याला धोका दिसत असतो आणि काही होणार नाही, अशा भरवशावर तो तो पत्करतो. याच्याही पुढे एक पायरी आहे. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे ज्ञान असूनही कृत्य केले, तर तो सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ही पायरी ओलांडली गेल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या कार्टर रोडचे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे तेथे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जण मृत्युमुखी पडले. चालक मद्यप्राशन केलेला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. (मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढी आहे, आणि तो कलम १८५ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे.)

हा प्रश्न आपल्या दाराशी आला तो ७ मे २०२४ रोजी. जळगावजवळ, पाचोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रामदेववाडी येथे एका मोटारीने दुचाकीस धडक दिली. गावोगाव आरोग्यसेवा देणारी एक आशा स्वयंसेविका, तिची दोन मुले आणि तिचा भाचा असे चौघे त्यात दगावले. मोटारीत तरुण होते आणि शर्यतीचा आरोप झाला. अटक होण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. मध्यंतरी १९ मे रोजी पुण्यातील कल्याणीनगरची घटना घडून सारा देश त्या विषयावर बोलू लागला होता. रामदेववाडीच्या लोकांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला : पुण्याच्या बातमीने जळगावच्या तपासाला गती यावी, हे कसे? तो प्रश्न आम्हांस आजही अस्वस्थ करतो. आरोप खरे की खोटे याचा निवाडा न्यायालयाचा. त्यावर आम्ही भाष्य करीत नाही. कायद्याचा मुद्दा तेवढा सांगतो. घटना जुलै २०२४ पूर्वीची असल्याने तिला जुनी संहिता लागू पडते. तीत निष्काळजीपणाच्या मृत्यूस दोन वर्षे आणि सदोष मनुष्यवधास दहा वर्षे, एवढे अंतर आहे. ते अंतर चालकाला धोक्याचे ज्ञान होते की नव्हते या एका प्रश्नावर कापले जाते. शर्यत सिद्ध झाली तर त्या ज्ञानाविषयी बरेच काही सिद्ध होते. कारण सार्वजनिक रस्त्यावर संमतीविना शर्यत लावणे हा कलम १८९ खाली मुळातच गुन्हा आहे.

याच्या अगदी उलट चित्र धुळे जिल्ह्यातील पळासनेरचे. ४ जुलै २०२३ रोजी सकाळी मध्य प्रदेशाकडून बिजासन घाट उतरून येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने वाटेतील वाहनांना धडक दिली आणि शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे बसथांब्याजवळच्या हॉटेलात तो घुसला. किमान दहा जण प्राणास मुकले. बसची वाट पाहत उभी असलेली माणसे, चहा पिणारी माणसे. अशा वेळी सर्वसाधारण प्रतिक्रिया अशी असते की, ब्रेकच निकामी झाले, त्यात चालकाचा काय दोष? कायदा एवढ्यावर थांबत नाही. ब्रेक का निकामी झाले, हे तो विचारतो. दोष अकस्मात उद्भवला आणि नेहमीच्या काळजीने तो आधी कळला नसता, तर चालक सुटू शकतो. परंतु ज्ञात असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणे हा कलम १९० खाली गुन्हा आहे आणि तो चालकापुरता मर्यादित नाही; तसे वाहन चालवू देणारा मालकही त्यात येतो. लांब उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची खोड, किंवा खालचा गिअर न टाकता सतत ब्रेकवर पाय ठेवण्याची सवय, यांमुळे ब्रेक तापून निकामी होतात हे प्रत्येक जाणत्या चालकाला ठाऊक असते. म्हणजे ‘ब्रेक फेल’ हे कधी कारण असते, तर कधी आधीच्या हयगयीचा परिणाम. पळासनेरला नेमके काय होते हे तपासाचे काम. येथे आम्ही सर्वसाधारण नियम सांगत आहोत. म्हणूनच अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकाने केलेली गाडीची तपासणी ही कागदोपत्री औपचारिकता नव्हे. कर्नाटकातील तो खटला याच अहवालाअभावी पांगळा झाला होता.

आणि येथेच तुम्हां-आम्हांसारख्या सामान्य माणसाचे काम सुरू होते. अपघात पाहणारा पहिला साक्षीदार बहुधा शेतातला मजूर, टपरीवाला किंवा मागून येणारा दुचाकीस्वार असतो. पोलिसांपुढे ‘गाडी भरधाव होती’ एवढेच म्हणून तो मोकळा होतो. त्याने काय सांगावे? वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूने होते. पांढरा पट्टा ओलांडून ते पलीकडे गेले होते का. ते दुसऱ्या वाहनास मागे टाकत होते का. हॉर्न किंवा ब्रेकचा आवाज आधी आला की नाही. धडकेनंतर दुचाकी किती पावलांवर फेकली गेली. डांबरावर टायरच्या घासल्याच्या खुणा होत्या का आणि किती लांब. अंधार होता की उजेड. आपण स्वतः कोठे उभे होतो. हे तपशील पंचनाम्यात आणि जबाबात उतरले, तर ‘भरधाव’ या शब्दाला अर्थ येतो. जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. मोबाइलमध्ये चित्रण केले असेल तर ते गावभर पाठवीत बसण्यापेक्षा मूळ फोन जपून ठेवावा व पोलिसांना तसे कळवावे.

साक्षीदार पुढे येत नाहीत, कारण पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या खेट्यांची धास्ती असते. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जखमीला मदत करणाऱ्यास मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ द्वारे संरक्षण मिळाले आहे. मदत करताना झालेल्या चुकीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि नाव-गाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

चालकाचेही एक कर्तव्य येथे नोंदवावे लागेल. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे कलम १३४ ने त्याला बंधनकारक आहे. जमावाच्या रागामुळे जागेवर थांबणे अशक्य असेल तर तेवढा अपवाद कायद्यानेच मान्य केला आहे. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाणे हा मार्ग उरतो. पळून जाऊन न कळविणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे नव्या संहितेतील कलम १०६(२) जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या संपामुळे गाजले. संहिता लागू करताना ते तेवढे बाजूला ठेवण्यात आले. आपल्याकडे चालकाला झाडाला बांधून मारण्याची रीत आहे. तिने एकही खटला बळकट झालेला नाही. चालक पळून जाण्याचे कारण मात्र तयार झाले आहे.

पालकांसाठी थोडे. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून मुलाच्या हाती मोटारसायकल देणारे घर आज प्रत्येक धर्मग्रामात सापडेल. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी लायसन्स काढून चालविता येते. त्यापलीकडचे सारे अठरानंतर. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्या नकळत किंवा आपण रोखूनही मुलाने गाडी नेली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते.

राहिला नुकसानभरपाईचा भाग. फौजदारी खटल्यात संशयातीत पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मात्र कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करणे शक्यच नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये, दोष कोणाचा हे न पाहता, मागता येतात. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मिळतात. त्यासाठी महसूल कार्यालयात अर्ज करावा लागतो. कलम १६६ खालच्या दाव्याला त्याच तारखेपासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी वर्षश्राद्ध झाल्यावर वकिलाकडे जाऊ, असा विचार करू नये.

एक गोष्ट मात्र आमच्या भागातील मजूरवर्गासाठी वेगळी सांगितली पाहिजे. १४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी परतणारे किमान १५ मजूर फळांच्या ढिगाखाली दबून गेले. बहुतेक रावेर तालुक्यातले, एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन. मालवाहू वाहन हे माणसे नेण्यासाठी नसतेच. त्यावर माणसे बसविणे हाच परवान्याच्या अटींचा भंग आहे. त्यातही विम्याचा प्रश्न फार बिकट होतो. मालवाहू वाहनातून भाड्याने वा फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस ‘आशा राणी’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून जो मालासोबत जातो त्याला संरक्षण आहे, आणि वाहनावर हमालीसाठी नेमलेल्या कामगारासंबंधी वेगळ्या तरतुदी आहेत. परंतु दुसऱ्याच्या मळ्यातून परतताना ‘येताय का?’ म्हणून वर घेतलेला मजूर यांपैकी कशातच बसेल याची शाश्वती नसते. मग भरपाईची जबाबदारी एकट्या वाहनमालकावर येते, आणि एका कर्जाऊ ट्रकच्या मालकाकडून ती वसूल होणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

हाच धोका यात्रेसाठी पिकअप किंवा टेम्पो ठरविणाऱ्या आपल्या भाविकांनाही आहे. हरिगावच्या मतमाउलीला असो वा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला, मागच्या हौद्यात सतरंजी अंथरून तीस माणसे बसविली की माणशी भाडे कमी पडते खरे. गाडी ठरविताना मालकाकडे दोन कागद मागावेत : विम्याचा आणि परवान्याचा. त्यावर ‘मालवाहू’ असे लिहिलेले असेल, तर दुसरी गाडी पाहावी.